आठवीच्या वर्गातली कुजबुज

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यापासून या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे आठवीच्या वर्गातून, नाहीतर आठवीतल्या मुलांच्या घरातून आली आहेत, म्हणून या महिन्याचे पूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक शिक्षणात धरले असले, तरी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या अनेक शाळा आजही सातवीला संपतात आणि आपल्या बोलण्यात आठवी हेच हायस्कूलचे पहिले वर्ष असते. चार-पाच शाळांतली मुले त्या वर्षी एका नव्या वर्गात येऊन बसतात. सोलापुरात तर त्यांच्या घरच्या भाषाही निराळ्या असतात. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे राहून ऐकावे : मित्राला हाक मारताना कोणी ‘ये’ म्हणतो, कोणी तेलुगूत ‘रा’ म्हणतो, कोणी कानडीत ‘बा’ म्हणतो, कोणी उर्दूत ‘आ’ म्हणतो, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चौघेही चारही हाकांना ओ देऊ लागतात. एकमेकांविषयीची कुजबुज याच दिवसांत सुरू होते. चौतीस वर्षे हायस्कूलच्या मुलांना शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे, की ती बंद पाडण्याच्या मागे मोठ्यांनी लागू नये. ती वर्गभर फिरते आहे की एकाच मुलाला चिकटून बसली आहे, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी यंदा आठवीत नव्या शाळेत आले. गणिताच्या तासाला मागच्या बाकावरच्या मुलाचा वर्तुळ काढायचा कंपास हरवला होता म्हणून मी त्याला माझा दिला. दुसऱ्या दिवशी परत करताना त्याने त्यात नवी पेन्सिल बसवून दिली. तेव्हापासून मी फळ्याकडे गेले की मुली खोकतात, काही मुले ‘वहिनी’ म्हणतात, आणि माझ्या बाकावर कोणीतरी आमच्या नावांची पहिली अक्षरे कोरून ठेवली आहेत. सगळा वर्ग माझ्याकडेच पाहत असतो. तीन आठवडे झाले. मी त्या मुलाशी बोलणे सोडून दिले आहे. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. जुलैमध्ये मीच सायकल स्टँडवर दोन मैत्रिणींना सांगितले होते, की आमच्या वर्गातली एक मुलगी गड्ड्याच्या यात्रेत एका मुलाबरोबर पाळण्यात बसली होती. ते खरे आहे की नाही हे मला माहीत नाही.
(आठवीतील एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. शेवटची तीन वाक्ये लिहिताना तुझा हात थांबला असेल. ती लिहिलीस याचे मला फार बरे वाटले.

आधी ‘सगळा वर्ग’ या शब्दांपाशी थांबू. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये असे मांडले, की तुझ्या वयाच्या मुलामुलींना आपल्यापुढे सतत प्रेक्षक बसलेले आहेत असे वाटते आणि त्या प्रेक्षकांतले पुष्कळसे मनानेच उभे केलेले असतात. याचा अर्थ तुला होणारा त्रास काल्पनिक आहे असा नाही. खोकणारे खरोखरच खोकतात. पण उद्या शाळेत गेलीस की मोजून पाहा, खोकतात किती जण आणि ‘वहिनी’ म्हणतात किती जण. साठ मुलांच्या वर्गात माझ्या अनुभवाप्रमाणे हा आकडा सहा-सातच्या वर जात नाही, आणि उरलेल्यांना त्या वेळी आपला गृहपाठ झाला नाही याची काळजी असते.

नव्या वर्गात एकमेकांची माहिती नसते आणि ती रिकामी जागा मुले गोष्टी रचून भरतात. माझ्या एका वर्गात एक मुलगा दर चार-पाच दिवसांनी गैरहजर राहायचा. तो जिल्ह्याच्या क्रिकेट संघात निवडला गेला आहे आणि सरावाला जातो, अशी बातमी पसरली. त्याने कोणत्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला हेही सांगणारे भेटले. एके दिवशी तो उशिरा आला तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. शेजारच्याने विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, की आज आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस होता आणि आई कामावर गेल्यामुळे सगळी भांडी मला भरावी लागतात. क्रिकेटची गोष्ट त्याच मधल्या सुट्टीत संपली. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्याच्यासाठी विज्ञानाच्या वहीत दोन पाने कार्बन घालून उतरवून ठेवणारा मुलगा, क्रिकेटच्या कथेत सर्वांत जास्त भर घालणारा होता. अशी कुजबुज फिरती असते, आणि आठ-दहा दिवसांत तिला दुसरा विषय मिळतो.

तुझ्या बाबतीत तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे ती थोडी चिकटली आहे, आणि ती चिकटण्याचे एक कारण तू त्या मुलाशी बोलणे सोडलेस हेही आहे. काल बोलणारी दोन मुले आज एकमेकांना टाळू लागली, की पाहणाऱ्यांना वाटते, नक्कीच काहीतरी आहे. त्याला सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात, अगदी साधे काहीतरी विचार : उद्या भूगोलाची वही तपासणार आहेत का? हे दोन-तीनदा झाले की चिडवणाऱ्यांच्या हाती काही उरणार नाही. कोणी ‘वहिनी’ म्हटले तर लाजून मान खाली घालू नकोस आणि रागावून धावून जाऊ नकोस. त्याचे नाव घेऊन ‘काय काम आहे?’ असे विचार आणि उत्तराची वाट पाहत उभी राहा. बाकावरची अक्षरे मात्र राहू देऊ नयेत. वर्गशिक्षकांना तो बाक दाखव आणि हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचा एक तुकडा आणून मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर तो भाग घासून काढ. हे सगळे करूनही आणखी आठवड्याने तेच चालू राहिले, तर घरी आणि वर्गशिक्षकांना नावे सांगायला अजिबात कचरू नकोस. ती चहाडी होत नाही.

आता पाळण्याची गोष्ट. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरली की होम मैदानावर निम्मे गाव लोटते, आणि पाळण्याच्या रांगेत पुढे उभे असलेल्या अनोळखी माणसाशेजारीही आपल्याला बसवले जाते. त्या मुलीबरोबर बसलेला तिचा मामेभाऊ असेल, किंवा कोणीच नसेल. तू ते ज्या दोघींना सांगितलेस त्या दोघींनाच, त्याच सायकल स्टँडवर सांग, की मी ते स्वतः पाहिले नव्हते आणि बोलायला नको होते. ज्या मुलीविषयी बोललीस तिच्या कानावर ते गेले असेल तर तिचीही क्षमा माग. गेले नसेल, तर केवळ आपले मन हलके करण्यासाठी ते तिच्या कानावर घालू नकोस.

प्रश्न : मला वर्गाचा मॉनिटर केले आहे. ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावी लागतात. मी माझ्या जवळच्या दोन मित्रांची नावे लिहिली तेव्हा ते ‘का बे, लई शहाणा झालास का’ म्हणाले आणि आता माझ्याबरोबर डबा खात नाहीत. नाही लिहिली तर बाकीचे म्हणतात, की मी पक्षपात करतो.
(आठवीतील एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : तुझे मित्र रागावले आहेत ते नाव लिहिले म्हणून, आणि त्याहूनही जास्त, न सांगता लिहिले म्हणून. चाळीस मिनिटांच्या तासाच्या सुरुवातीलाच नियम मोठ्याने सांगून टाक : पहिल्यांदा मी नुसती हाक मारीन, दुसऱ्यांदा नाव लिहीन, आणि नाव लिहिल्यावर जो शेवटपर्यंत शांत राहील त्याचे नाव सर येण्याआधी पुसून टाकीन. नावापुढे फुल्या वाढवत जाण्याची पद्धत बंद कर, कारण पाच फुल्या पडलेल्या मुलाला सहावीची भीती राहत नाही. हळू आवाजात गणित विचारणाऱ्याचे नाव लिहायचे नाही हेही ठरवून घे. आणि तू स्वतः बोललास तर स्वतःचे नाव सर्वांत वर लिही. मॉनिटरपद दर पंधरा दिवसांनी बदलावे अशी विनंती वर्गशिक्षकांना करून पाहा. खडू हातात घेऊन उभे राहिल्याशिवाय ते काम किती अवघड आहे हे तुझ्या मित्रांना कळणार नाही.

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू बोलतो. मी विड्या वळते, मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत. मुलगा सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात होता, आता मराठी हायस्कूलला आहे. पहिल्याच आठवड्यात बाई वर्गात येताना पाहून तो ‘बाई आलं’ म्हणाला. सगळी मुले हसली. आता तो वर्गात शिरला की मुले ‘बाई आलं, बाई आलं’ म्हणतात. तो तिथे हसतो, पण घरी आल्यावर कोणी मराठीत विचारले तरी मराठी बोलत नाही. शाळा बदलावी का? हे पत्र पुतणीकडून लिहून घेतले आहे.
(एक आई)

उत्तर : अक्का, शाळा बदलू नका. तुमच्या मुलाची जी चूक झाली ती अडाणीपणाची नाही, ती व्याकरणाची आहे, आणि तिचे कारण त्याच्या वर्गातल्या कोणालाच ठाऊक नाही म्हणून ते हसत आहेत.

मराठीत तो आला, ती आली, ते आले अशी तीन रूपे होतात. तेलुगूत एकवचनात पुरुषासाठी एक रूप असते आणि स्त्री व वस्तू यांच्यासाठी मिळून दुसरे. भाऊ आला तर ‘तम्मुडु वच्चाडु’. पण ‘अक्का वच्चिंदि’ आणि ‘बंडी वच्चिंदि’ यांत बहीण आली काय आणि गाडी आली काय, क्रियापद तेच राहते. त्यामुळे तुमचा मुलगा मनातल्या मनात ‘वच्चिंदि’ म्हणाला आणि त्याच्या तोंडून ‘आलं’ निघाले. घरी तो आपली भाषा अगदी बरोबर बोलतो, म्हणूनच इथे चुकतो. आपल्या मराठीतही ‘पोरगं आलं’ म्हणताना ते पोरगं मुलगा आहे की मुलगी, हे क्रियापदावरून कळत नाही, आणि त्याला कोणी हसत नाही.

हे त्याला आधी तुम्ही समजावून सांगा. तुमच्या तोंडून ऐकण्याला मोल आहे. मग त्याच्या मराठीच्या शिक्षकांना भेटा, किंवा हा मजकूर त्यांना दाखवा. लिंग आणि वचन हा पाठ आठवीतही येतोच. त्या तासाला त्यांनी तुमच्या मुलाला फळ्यापाशी बोलावून वर्गाला ‘वच्चाडु’ आणि ‘वच्चिंदि’ शिकवायला सांगावे. मी हे एका वर्गात केले होते. आमच्या मराठी मुलांनी ‘अक्का वच्चाडु’ म्हटले तेव्हा तेलुगू बोलणारी सात-आठ मुले बाकावर हात आपटून हसली, मग सगळा वर्ग हसला, आणि त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी जागचे उठले नाही. मात्र हा कार्यक्रम मुलाला आधी विचारूनच व्हावा. त्याला नको असेल तर शिक्षकांनी स्वतः फळ्यावर लिहून समजावणे पुरेसे आहे.

टोपणनावाविषयी एक गोष्ट पाहा. वर्गात सर्वांनाच टोपणनावे पडतात, आणि ज्या नावाने मुलगा स्वतःहून ओळख सांगतो, मित्राच्या घरी फोन केल्यावरही तेच नाव घेतो, त्या नावाची काळजी करू नये. तुमचा मुलगा वर्गात हसतो आणि घरी गप्प बसतो. म्हणजे हे नाव त्याला बोचते आहे, आणि ते थांबवण्याचे काम वर्गशिक्षकांचे आहे. त्यांच्याकडे जाताना संकोच करू नका. तुमचे मराठी कसेही असले तरी चालेल, पुतणीला बरोबर घेऊन जा.

प्रश्न : मुलगी साडेबारा वर्षांची, आठवीत. माझ्याच मोबाइलवर तिच्या वर्गातल्या मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकदा वाचला तर त्यात अभ्यासाचा एक शब्द नाही. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या डब्यात काय होते, कोणत्या सरांनी नवा शर्ट घातला, एवढेच. तो बंद करावा का?
(एक आई, होटगी रस्ता)

उत्तर : व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे वापरणाऱ्याचे वय किमान १३ वर्षे असावे लागते, त्यामुळे तो तुमचा क्रमांक आणि तुमचाच फोन आहे, आणि मी अधूनमधून वाचणार आहे, हे तिला स्पष्ट सांगून टाका. चोरून वाचू नका. तुम्ही वाचलेल्या मजकुरात मला काळजीचे काहीच दिसत नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे म्हणणे असे आहे, की माकडे एकमेकांच्या अंगावरचे केस निवडत बसून नाते टिकवतात, आणि माणसांचे समूह मोठे झाल्यावर तेच काम गप्पांनी, त्यातही एकमेकांविषयीच्या गप्पांनी, अंगावर घेतले. डब्यात काय होते ही चौकशी त्याच जातीची आहे.

दोन गोष्टी मात्र त्या ग्रुपवर होऊ देऊ नका. एकीने विश्वासाने लिहिलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून तो दुसरीकडे पाठवणे, आणि कोणाचाही फोटो बिघडवून टाकणे. तोंडी बोललेले आठवड्याने विसरले जाते, चित्र विसरले जात नाही. असा फोटो कधी दिसलाच तर तो पुढे न पाठवता शाळेला लगेच कळवा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. रात्री नऊनंतर फोन तुमच्या उशाशी असू द्या.

प्रश्न : मी आठवीची वर्गशिक्षिका आहे, नोकरीचे दुसरे वर्ष. ऑगस्टमध्ये तासाला एक चिठ्ठी फिरताना पकडली. त्यात एका मुलीचे नाव एका मुलाशी जोडले होते. रागाच्या भरात मी ती वर्गात मोठ्याने वाचली, म्हणजे लिहिणाऱ्याला लाज वाटेल असे मला वाटले. वर्ग हसला. ती मुलगी पुढचे दोन दिवस आली नाही. आता येते, पण माझ्याकडे पाहत नाही. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात मुलांना फिशपाँड हवे आहेत आणि मला त्याची धास्ती वाटते.
(एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : चिठ्ठी लिहिणाऱ्याला शिक्षा करायला गेलात आणि ती जिच्याविषयी होती तिला झाली, हे तुमच्या लक्षात आले आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एक गोष्ट मात्र माहीत असावी. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मुलांचा मानसिक छळही मनाई केला आहे, आणि १४ वर्षांपर्यंतची मुले त्या कायद्यात येतात. मुलांविषयीची चिठ्ठी वर्गात वाचून दाखवणे मला त्याच वाटेवरचे वाटते.

त्या मुलीला आधी एकटीला भेटा, पण शिक्षकांच्या खोलीत बोलावू नका. तिथे इतर शिक्षक असतात. वाचनालयाच्या दाराशी, नाहीतर शाळा सुटताना चालता चालता बोला. ‘मी चुकले’ एवढे म्हणा, तिच्याकडून ‘असू द्या बाई’ ची अपेक्षा धरू नका. वर्गात क्षमा मागू का, हे तिला विचारा. ती हो म्हणाली तर हजेरी घेण्याआधी दोन वाक्यांत मागा, तिचे नाव न घेता. पुढे पकडलेली प्रत्येक चिठ्ठी न उघडता फाडून टाका, मुलांच्या देखत. हे एकदा पाहिले की चिठ्ठीला चव राहत नाही.

फिशपाँड बंद करू नका. शेलापागोटे हा आपल्या स्नेहसंमेलनांचा जुना प्रकार आहे, आणि वर्गातली वर्षभराची कुजबुज तिथे सर्वांदेखत, सभ्य शब्दांत, एकदा हसून मोकळी होते. चिठ्ठ्यांची पेटी मात्र तुमच्या टेबलावर असू द्या, आणि प्रत्येक चिठ्ठी तुम्ही स्वतः वाचा. शरीर, रंग, जात, घरची भाषा, वडिलांचा धंदा आणि मुलामुलींच्या जोड्या यांवरची एकही चिठ्ठी पुढे जाऊ देऊ नका. सवयींवरच्या चिठ्ठ्या ठेवा : जो रोज ‘पाणी पिऊन येऊ का’ विचारतो, जिचा शेंगाचटणीचा डबा दुसऱ्या तासालाच रिकामा होतो, जो प्रार्थनेत एका ओळीने पुढे असतो. पहिला फिशपाँड तुमच्यावरचा असावा, आणि तो मुलांनीच लिहिलेला असावा.

सर्वांत महत्त्वाचे, पटावर जेवढी नावे आहेत तेवढे फिशपाँड झाले पाहिजेत. पेटीत ठरावीक दहा-बारा मुलांवरच्याच चिठ्ठ्या पडतात. माझ्या वर्गातली एक शांत मुलगी संमेलन संपल्यावर मागे रेंगाळली आणि तिने मला विचारले, ‘बाई, माझ्यावर एकही नव्हता का?’ वर्ग तिला हसला असता तर तिला चालले असते. तिचे नावच कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या वर्षापासून मी उरलेल्या मुलांची यादी करून, आठवडाभर त्यांच्याकडे लक्ष देऊन, त्यांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहीत असे. त्या लिहिताना आपण जूनपासून कोणाकडे पाहिलेच नाही, हे आपोआप कळत जाते. तुमच्या यादीत त्या मुलीचे नाव असेल तर तिची चिठ्ठी आधी तिला दाखवा.

प्रश्न : माझी आणि माझ्या मैत्रिणीची कट्टी होऊन अकरा दिवस झाले. ती पहिलीपासून माझ्या शाळेत होती, आता हायस्कूलला दुसऱ्या तुकडीत आहे. कशावरून झाली ते मला नीट आठवतही नाही. आधी कोणी बोलायचे?
(आठवी ‘अ’)

उत्तर : कारण आठवत नसेल तर ते शोधत बसू नकोस, शोधताना नवे सापडेल. तुकड्या वेगळ्या झाल्या की मधल्या सुट्टीखेरीज भेट होत नाही, त्यामुळे अकरा दिवस सहज अकरा आठवडे होतात. शनिवारी शाळा लवकर सुटते. तिच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहा आणि ‘चल, सायकल काढू’ एवढेच म्हण. सात रस्त्याचा चौक येईपर्यंत दोघींपैकी एक तिच्या वर्गातले काहीतरी सांगायला लागलेली असेल.